‘एसएसडी लावली आणि ग्राफिक्स कार्ड अर्धं झालं’ : एका वाक्याची चिकित्सा

संशोधन-आराखडा लिहिताना आपण उद्दिष्टं आणि गृहीतकं यांवर महिनाभर घासाघीस करतो, आणि ‘साधने व पद्धती’ हा भाग मात्र शेवटच्या रात्री उरकतो. आज त्याच भागातलं एक वाक्य घेऊन बसू या. वाक्य एकच आहे, पण त्यात तीन दावे दडलेले आहेत आणि तिन्ही वेगवेगळे तपासावे लागतात.

साकोलीकडचा एक विद्यार्थी पीएच.डी.च्या नोंदणीची तयारी करतोय. विषय चांगला आहे: भंडारा जिल्ह्यातले माजी मालगुजारी तलाव आणि बोड्या उपग्रहाच्या चित्रांवरून ओळखायच्या आणि त्यांचं पाणी ऋतूनुसार कसं बदलतं ते पाहायचं. चित्रं सेंटिनेल-२ ची, ओळखण्याचं काम न्यूरल नेटवर्कचं. घरी नागपुरातून जुळवून आणलेलं यंत्र आहे, त्यात १२ जीबीचं आरटीएक्स ३०६० कार्ड. चित्रं साठवायला जागा पुरेना म्हणून त्यानं एक वेगवान एनव्हीएमई एसएसडी विकत घेतली आणि मदरबोर्डवरच्या मोकळ्या एम.२ स्लॉटमध्ये बसवली. मग आराखड्यात हे वाक्य आलं:

“एसएसडी बसवल्यामुळे ग्राफिक्स कार्डची बँडविड्थ ५० टक्क्यांनी कमी झाली, त्यामुळे मॉडेलच्या प्रशिक्षणाचा वेग कमी झाला.”

त्यानं मला फोन केला तो वाक्य तपासायला नाही. “ताई, फेलोशिपचे पैसे आलेत, बोर्डच बदलून टाकू का?” हे विचारायला. म्हणजे या वाक्यावर फक्त एक परिच्छेद अवलंबून नाही, दोन-तीन महिन्यांचा घरखर्चही आहे. मी म्हणाले, पैसे दे, पण आधी वाक्य दे.

पहिला दावा : ‘बँडविड्थ’. पण कोणती?

ग्राफिक्स कार्डाच्या बाबतीत हा शब्द दोन अगदी वेगळ्या गोष्टींसाठी वापरतात. एक, कार्डाच्या आत, त्याच्या स्वतःच्या मेमरीतून त्याच्या गणन-भागांकडे माहिती जाते तो वेग. १२ जीबीच्या आरटीएक्स ३०६० साठी तो सेकंदाला ३६० जीबी आहे. दुसरी, मदरबोर्डवरून कार्डापर्यंत माहिती येते तो पीसीआय एक्सप्रेसचा रस्ता. हे कार्ड चौथ्या पिढीच्या १६ लेन वापरतं. एका लेनमधून साधारण १.९७ जीबी, म्हणजे १६ लेनचे मिळून सेकंदाला ३१.५ जीबी. प्रत्यक्ष मोजलं तर याहून थोडं कमीच मिळतं.

एसएसडी बोर्डावर कुठेही लावा, कार्डाच्या आतल्या ३६० जीबीला धक्का लागत नाही. बदलू शकतो तो बाहेरचा रस्ता. मॉडेल आणि चित्रांचा गठ्ठा एकदा कार्डाच्या मेमरीत गेला की पुढचा जवळपास सगळा हिशोब आतच चालतो. म्हणून ‘कार्डची बँडविड्थ अर्धी झाली’ असं वाचलं की परीक्षक पहिल्यांदा हेच विचारणार: कुठली? आणि आपल्याला तिथेच घाम फुटणार.

सुधारणा सोपी आहे: ‘ग्राफिक्स कार्डाच्या पीसीआय एक्सप्रेस जोडणीची रुंदी’ असं लिहा.

दुसरा दावा : ‘५० टक्के’. पण नेहमी?

इथे त्याचं वाक्य अर्धं बरोबर आहे, आणि ते नाकारणाऱ्यांनीही जरा थांबायला हवं. “असं काही होत नसतं” म्हणणारे जितके आहेत तितकेच “एसएसडी लावली की हमखास होतं” म्हणणारे. दोघंही बोर्डाची पुस्तिका न उघडता बोलतात.

घरगुती प्रोसेसरकडे लेन मोजक्याच असतात. इंटेलच्या बाराव्या पिढीपासून चौदाव्यापर्यंतच्या डेस्कटॉप प्रोसेसरमधून थेट निघणाऱ्या लेन आहेत २०: कार्डासाठी १६ आणि एका एसएसडीसाठी ४. एएमडीच्या बहुतेक एएम५ प्रोसेसरमध्ये एकूण २८, त्यातल्या ४ चिपसेटकडे जातात आणि २४ हाताशी उरतात. आता एम.२ स्लॉट तीन प्रकारचे असू शकतात. पहिला, प्रोसेसरच्या त्या राखीव ४ लेनवरचा. तिथे एसएसडी लावली तर कार्डाच्या १६ लेन तशाच राहतात. दुसरा, चिपसेटवरचा. तिथेही कार्डाला काही होत नाही. फक्त चिपसेट आणि प्रोसेसर यांच्यातला रस्ता बाकीच्या उपकरणांबरोबर वाटून घ्यावा लागतो. तिसरा प्रकार अडचणीचा: कार्डाच्या १६ लेनमधूनच ज्याला वाटा दिला आहे तो स्लॉट.

या तिसऱ्या प्रकारातली गंमत बघा. एसएसडीला लागतात ४ लेन. पण बाराव्या ते चौदाव्या पिढीच्या त्या इंटेल प्रोसेसरना १६ लेनचे दोनच प्रकार माहीत: सगळ्या १६ एकीकडे, नाहीतर ८ आणि ८. त्यामुळे एसएसडीला ८ दिल्या जातात, ती ४ वापरते आणि उरलेल्या ४ पडून राहतात. पाटावर एकच दार आहे आणि ते पाणी अर्धं-अर्धंच वाटतं. शेजाऱ्याला चतकोर हवं असलं तरी त्याच्या बाजूला अर्धं जातं. कार्ड ८ वर येतं: चौथ्या पिढीच्या हिशोबाने ३१.५ चे १५.७५ जीबी.

म्हणजे ५० टक्के हा आकडा खरा असू शकतो, पण तो ‘एसएसडीचा’ परिणाम नाही. तो त्या बोर्डाच्या त्या स्लॉटचा परिणाम आहे. शिवाय कार्ड कोणतं हेही बघावं लागतं. २०२३ साली आलेल्या आरटीएक्स ४०६० ला मुळातच आठ लेन आहेत. स्लॉट लांब दिसतो, कार्डही त्यात नीट बसतं, पण तारा आठच लेनच्या. त्याच्या शेजारी अशी एसएसडी लावली तर अर्धं व्हायला काही उरतच नाही.

आमच्या मित्रानं हा आकडा कसा काढला? कार्डाची माहिती दाखवणारं एक सॉफ्टवेअर उघडलं, त्यात ८ लेन दिसल्या. ठीक. पण त्याच ओळीत पिढी ‘१.१’ दिसली आणि तो आणखी घाबरला. इथे एक सापळा आहे. कार्ड रिकामं बसलेलं असताना वीज वाचवण्यासाठी जोडणीचा वेग उतरवून ठेवतं. काम सुरू झालं की पुन्हा चढवतं. म्हणून ही नोंद प्रशिक्षण चालू असतानाच घ्यायची. एनव्हिडिया-एसएमआय या कार्डाबरोबर मिळणाऱ्या साधनात ‘सध्याची’ आणि ‘जास्तीत जास्त’ पिढी व रुंदी वेगवेगळी विचारता येते. चारही आकडे लिहून ठेवा.

तिसरा दावा : ‘त्यामुळे’

आता या वाक्यातला सगळ्यात महागडा शब्द. रस्ता अर्धा झाला, हे मान्य. प्रशिक्षण मंदावलं, हेही मान्य. पण पहिल्यामुळे दुसरं झालं हे कशावरून?

आधी कागदावर गणित करू. समजा एक तुकडा २५६ बाय २५६ पिक्सेलचा, सेंटिनेल-२ च्या १३ पट्ट्या, सगळ्या १० मीटरवर आणलेल्या, प्रत्येक आकडा ४ बाइटचा. २५६ × २५६ × १३ × ४ म्हणजे सुमारे ३४ लाख बाइट, ३.४ एमबी. धरू या की कार्ड सेकंदाला असे २०० तुकडे शिकतं. मग रस्त्यावरून सेकंदाला जाणार ०.६८ जीबी. १६ लेनच्या ३१.५ जीबीपैकी हे २ टक्क्यांच्या आसपास. ८ लेनच्या १५.७५ पैकी ४ टक्क्यांच्या जरा वर. रस्ता दोन्ही वेळा मोकळाच आहे.

दुसऱ्या बाजूनेही पाहा. एका तुकड्यासाठी कार्डाकडे ५ मिलिसेकंद आहेत. तो तुकडा १६ लेनवरून यायला ०.११ मिलिसेकंद लागतात, ८ लेनवरून ०.२२. वाहतूक आणि गणन एकामागोमाग चालतं असं अगदी वाईटात वाईट धरलं तरी जास्तीत जास्त २ टक्क्यांचा फरक. आणि नीट लिहिलेल्या प्रोग्रॅममध्ये पुढचा गठ्ठा येत असताना आधीच्यावर काम चालू असतं, म्हणजे तेवढाही दिसायला नको.

आता एसएसडीच्या जागी आधी जी फिरती हार्ड डिस्क होती तिचं गणित करा. ७२०० फेऱ्यांच्या डिस्कवर विखुरलेली एक फाइल गाठायला बारा-एक मिलिसेकंद लागतात. म्हणजे सेकंदाला जेमतेम ऐंशी फाइली. आपण तर प्रत्येक फेरीत तुकडे पिसून, उलटसुलट क्रमाने वाचतो. चित्रं आधीच रॅममध्ये येऊन बसली नसतील तर २०० चा वेग त्या डिस्ककडून मिळणंच शक्य नाही. एनव्हीएमईला ही अडचण नाही. मग या गणितानुसार एसएसडी लावल्यावर लेन अर्ध्या होऊनही काम वेगात व्हायला हवं होतं! ते मंदावलं असेल तर कारण लेन सोडून दुसरीकडेच शोधायला हवं.

इथे मी माझं सांगते. दोन वर्षांपूर्वी माझ्या सहामाही प्रगती-अहवालात जवळपास हेच वाक्य होतं. ‘आधीची’ मोजणी जानेवारीतली, ‘नंतरची’ मे महिन्यातली, दोन्ही भंडाऱ्यातल्या घरी पत्र्याखालच्या खोलीत. मॅडमनी अहवाल वाचून एकच विचारलं: “एसएसडीशिवाय आणखी काय बदललं?” मी म्हणाले, काही नाही. त्यांनी तारखांवर बोट ठेवलं. आपल्याकडचा मे काय असतो ते विदर्भातल्या वाचकाला सांगायला नको. कार्ड ठरावीक तापमानाच्या वर गेलं की स्वतःचा वेग स्वतःच उतरवतं, आणि माझी नवी एसएसडी नेमकी कार्डाच्या खाली, त्याच्याच गरम हवेत बसली होती. मी तापमानाची नोंदच ठेवली नव्हती. त्यामुळे दोष उष्णतेचा होता हेही मी आज छातीठोक सांगू शकत नाही. फक्त लेनचा होता असं म्हणायचा अधिकार मला नव्हता, एवढं नक्की. अहवाल परत घेतला, तो भाग कापला आणि पुढचा पावसाळाभर मोजण्या पुन्हा केल्या.

आमच्या साकोलीच्या मित्राला हे समजवायला मला संगणक लागलाच नाही. मी त्याला विचारलं, “जुलै-ऑगस्टच्या चित्रात तुझ्या मॉडेलला तलाव जास्त का सापडतात?” तो हसला. रोवणीच्या दिवसांत बांध्यांमध्ये पाणी उभं असतं. एक एकराची बोडी म्हणजे १० मीटरच्या पिक्सेलमध्ये मोजून चाळीस पिक्सेल. चिखल करून पाण्यानं भरलेली बांधी तिच्यासारखीच दिसते. मे आणि ऑगस्टची चित्रं शेजारी ठेवून “नवे तलाव झाले” असं तो कधीच लिहिणार नाही. आराखड्यात त्यानं यावर दोन पानं खर्ची घातली आहेत. मग तोच नियम टेबलाखालच्या यंत्राला का नाही? आपण आपल्या विषयात फार सावध असतो, आणि ज्या साधनानं विषय मोजतो त्याच्याबद्दल ऐकीव गोष्टींवर विश्वास ठेवतो. माझी या वाक्याबद्दलची मुख्य तक्रार ही आहे.

मोजणाऱ्यांनी हे कसं केलं

या प्रकारच्या प्रश्नाची चांगली पद्धत बघायची असेल तर जयश्री मोहन आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा २०२१ चा ‘ॲनलायझिंग अँड मिटिगेटिंग डेटा स्टॉल्स इन डीएनएन ट्रेनिंग’ हा शोधनिबंध वाचा. प्रश्न असा: कार्ड माहितीची वाट बघत किती वेळ रिकामं बसतं? त्यांची युक्ती वजाबाकीची आहे. आधी कार्डाला बनावट माहिती द्या, म्हणजे डिस्क आणि प्रोसेसर दोन्ही वाटेतून बाजूला होतात. हा कार्डाचा स्वतःचा वेग. मग खरी माहिती द्या, पण ती आधीच रॅममध्ये ठेवून. आता प्रोसेसरची तयारी धरली जाते, डिस्क नाही. शेवटी डिस्कवरून वाचू द्या. तीन वेगांतल्या फरकावरून कळतं की वेळ कुठे जातो.

वाचताना दोन गोष्टी ध्यानात ठेवा. त्यांच्या दोन मांडण्यांत एकीकडे व्ही१०० कार्डं आणि एसएसडी, तर दुसरीकडे १०८० टीआय कार्डं आणि हार्ड डिस्क. कार्ड आणि डिस्क दोन्ही एकदम बदलतात, म्हणून एका मांडणीची दुसरीशी तुलना करून “एसएसडीमुळे इतकं वाढलं” असं त्यातून काढू नका. प्रत्येक मांडणीच्या आतली तुलना घ्या. दुसरं, ती सर्व्हर यंत्रं आहेत, आपल्यासारखी लेनची ओढाताण हा त्यांचा प्रश्नच नव्हता.

हा फरक आपल्या राज्यातच दिसतो. पुण्याच्या सी-डॅकमधला परम सिद्धी-एआय हा २०२० चा महासंगणक ४२ डीजीएक्स ए१०० यंत्रांचा आहे. प्रत्येकात आठ कार्डं आणि दोन एएमडी एपिक प्रोसेसर. त्या मालिकेतला एकेक प्रोसेसर १२८ लेन देऊ शकतो. कार्डं एकमेकांशी बोलतात ती एनव्हीलिंक या वेगळ्या रस्त्यानं. तिथल्या मोजणीचा निष्कर्ष २० लेनच्या घरगुती यंत्रावर जसाच्या तसा चिकटवता येत नाही. आपली मोजणी आपणच करावी लागते.

मग ‘त्यामुळे’ कधी खरं ठरतं?

ठरतं, आणि ते सांगितलं नाही तर ही चिकित्सा एकांगी होईल. मॉडेलच कार्डाच्या मेमरीत मावत नसेल तर रस्ता खरोखर अडतो. ७०० कोटी प्राचलांचं भाषा-मॉडेल १६ बिटमध्ये १४ जीबीचं होतं. १२ जीबीच्या कार्डात बसत नाही. काही भाग रॅममध्ये ठेवून आळीपाळीनं आणावा लागतो. पूर्ण १४ जीबी दर फेरीला रस्त्यावरून जातात असं टोकाचं धरलं तर १६ लेनवर ०.४४ सेकंद, ८ वर ०.८९. हा फरक हातानं चाचपता येईल इतका मोठा आहे. तसंच एकाच यंत्रात दोन कार्डं लावून, एनव्हीलिंकशिवाय, दर पावलाला दुरुस्त्यांची देवाणघेवाण होत असेल तर. आणि २०२२ च्या आरएक्स ६५०० एक्सटीसारखं कार्ड, ज्याला मुळात चारच लेन आणि ४ जीबीच मेमरी आहे, ते जुन्या तिसऱ्या पिढीच्या बोर्डावर लावलं की चांगलंच मागे पडतं.

म्हणजे प्रश्न ‘किती टक्के रस्ता गेला’ हा नसून ‘माझं काम त्या रस्त्यावर किती येतं-जातं’ हा आहे. तलाव ओळखणारं छोटं मॉडेल एकदा कार्डात बसलं की रस्त्यावर फक्त चित्रं येतात.

बोर्ड बदलण्याआधीच्या चार फेऱ्या

एसएसडी लावली की दोन गोष्टी एकदम बदलतात: साठवण आणि लेन. त्या वेगळ्या करायला नवं काही विकत घ्यावं लागत नाही.

१. एसएसडी काढून, चित्रं जुन्या डिस्कवर. लेन १६.
२. एसएसडी त्या वादग्रस्त स्लॉटमध्ये, पण चित्रं अजून जुन्या डिस्कवरच. लेन ८. पहिल्या फेरीशी फरक आला तर तो लेनचा.
३. एसएसडी चिपसेटवरच्या स्लॉटमध्ये, चित्रं तिच्यावर. लेन १६. पहिल्या फेरीशी फरक आला तर तो साठवणीचा.
४. एसएसडी वादग्रस्त स्लॉटमध्ये, चित्रं तिच्यावर. लेन ८.

प्रत्येक फेरी निदान तीनदा, एकाच दिवशी, शक्यतो पहाटे. दर वेळी यंत्र बंद करून सुरू करा, नाहीतर चित्रं रॅममध्ये राहतात आणि डिस्कची परीक्षाच होत नाही. जुनी डिस्क फार मंद असेल तर ती लेनचा फरक झाकून टाकेल. म्हणून पहिल्या दोन फेऱ्या बनावट माहितीवरही करा. काम चालू असताना लेन, पिढी, तापमान आणि कार्डाचा वेग लिहून ठेवा. फाइल-प्रकार, गठ्ठ्याचा आकार आणि माहिती वाचणाऱ्या प्रक्रियांची संख्या चारही फेऱ्यांत तीच ठेवा.

शेवटची सूचना करताच तो फोनवर गप्प झाला. मग म्हणाला, “ताई, नव्या एसएसडीवर टाकताना मी चित्रं दाबून ठेवली. जागा वाचावी म्हणून.” म्हणजे आता प्रत्येक तुकडा वाचताना आधी उलगडावा लागतो, आणि ते काम प्रोसेसर करतो, कार्ड नाही, लेन नाही. हेच कारण असेल असं मी म्हणत नाही. पण त्याच्या वाक्यात याला जागाच नव्हती.

बोर्ड त्यानं अजून घेतलेला नाही. आराखड्यात तूर्त ते वाक्य असं आहे: “एसएसडी बसवल्यानंतर कार्डाची पीसीआय एक्सप्रेस जोडणी काम चालू असताना १६ ऐवजी ८ लेनवर आढळली. याच काळात साठवणीचं साधन आणि चित्रांचा फाइल-प्रकारही बदलला. प्रशिक्षणाच्या वेगातल्या घटीचं कारण चार फेऱ्यांच्या मोजणीनंतर नोंदवलं जाईल.” लांब आहे, दिमाखदार नाही. पण तोंडी परीक्षेत यातला एकही शब्द मागे घ्यावा लागणार नाही.

तुमच्याही आराखड्यात ‘साधने व पद्धती’ मध्ये एखादं ‘त्यामुळे’ असेलच. आज रात्री ते शोधा आणि त्याच्या आधी आणखी काय काय बदललं होतं त्याची यादी तारखांसकट करून बघा.